राधानगरला अख्खा दिवस द्या : अंदमानची पांढरी वाळू आणि आम्ही चौघं

पुण्यातून अंदमानच्या ज्या सहली निघतात त्यात हॅवलॉक बेटावरच्या राधानगर बीचला बहुतेक वेळा संध्याकाळचे दीड-दोन तास दिलेले असतात. गाडी साडेतीनला सोडते, सूर्यास्त झाला की परत. आम्हीही एक संध्याकाळ तशीच बघितली आणि नंतर एक अख्खा दिवस तिथेच काढला, आणि दोन्हीत इतका फरक होता की आल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय, म्हणलं आता एकदा नीट लिहूनच काढू.

आम्ही म्हणजे मी, मंदार, आमची सई (चौथीत आहे) आणि माझी आई. जानेवारीचा शेवट. विमान, बेटांमधली फेरीबोट, राहायचं सगळं दिवाळीतच बुक केलं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एवढंच की खाजगी फेरीची तिकिटं विमानाच्या तिकिटांबरोबरच काढून टाका, सीझनला ती पटकन संपतात.

नावांचं आधीच सांगते म्हणजे बुकिंग करताना गोंधळ नको. हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिथले रिक्षावाले, होमस्टेवाले सगळे बोलताना अजून जुनीच नावं वापरतात, मी पण खाली तीच लिहिलीयत.

शनिवार : पोर्ट ब्लेअर

मध्यरात्री लोहगाव, पहाटे चेन्नई, आणि तिथून दोन-सव्वादोन तासांत वीर सावरकर विमानतळ. खिडकीची सीट मिळाली तर सोडू नका. शेवटची पंधरा मिनिटं खाली नुसतं गडद हिरवं जंगल आणि प्रत्येक बेटाभोवती फिकट निळ्या पाण्याची किनार. ती फिकट किनार म्हणजे उथळ पाणी, आणि त्याच्या तळाशी वाळू आणि प्रवाळ.

दुपारी जेवून थेट सेल्युलर जेल. खरं सांगायचं तर आईसाठी ही ट्रिप म्हणजे सेल्युलर जेलच होती, बीच वगैरे आमच्यासाठी. फर्ग्युसनच्या होस्टेलमधली सावरकरांची खोली २८ मेला लोकांना बघायला उघडतात, तिथे ती वर्षानुवर्षं जाते, लहानपणी मलाही घेऊन जायची. त्यामुळे गाईड बोलायला लागायच्या आधीच ती सईला सगळं सांगत होती. १८९६ ला बांधकाम सुरू झालं, १९०६ ला संपलं, मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात लांब इमारती होत्या, त्यातल्या आता तीन उरल्यात. रचना अशी की एका इमारतीच्या कोठड्यांची दारं समोरच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये.

सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला. साडेतेरा फूट बाय साडेसात फूट. बाहेरच्या कठड्यावरून खाली बघितलं की फाशीघर दिसतं. १९११ मध्ये त्यांना इथे आणलं आणि १९२१ मध्ये इथून हलवलं, त्यांचे थोरले भाऊ बाबारावही याच तुरुंगात होते. सई आत जाऊन भिंतीला हात लावून उभी राहिली आणि तिने आजीला विचारलं, "खिडकी एवढ्या वर का केलीय? बाहेर काहीच दिसत नाही." आई म्हणाली, "म्हणूनच केलीय गं." पुढे बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. खाली कोलू ठेवलाय, ज्याला माणसं जुंपून तेल काढून घ्यायचे तो. तो बघताना आईने पदर तोंडाला लावला, आणि मग गाईडला थांबवून रोज किती तेल काढावं लागायचं, नाही निघालं तर काय शिक्षा व्हायची सगळं विचारून घेतलं.

संध्याकाळचा लाईट अँड साऊंड शो जरूर करा. हिंदीतल्या शोची तिकिटं आधी काढून ठेवा, अंगणात डास असतात म्हणून लांब बाह्यांचे कपडे घाला. जेलमध्ये जिने बरेच आहेत, वयस्कर माणसं असतील तर दुपारी तीननंतर जा, ऊन उतरलेलं असतं.

रविवार : हॅवलॉक, गर्दीतलं राधानगर

सकाळच्या फेरीने हॅवलॉक. समुद्र थोडा हलत होता. आईने तोंडात आवळासुपारी धरली होती, तिला काही झालं नाही, मंदारला मात्र गोळी घ्यावी लागली. ती गोळी फेरी सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, सुटल्यावर घेऊन उपयोग होत नाही.

जेट्टीवरून दहा-पंधरा मिनिटांवर गोविंदनगर भागात आमचा होमस्टे. चार खोल्या, मागे सुपारी, नारळ आणि केळीची बाग. तो चालवणाऱ्या दीदी बंगाली, साधारण माझ्याच वयाच्या. हॅवलॉकवरची बहुतेक वस्ती बंगाली आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० च्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं, त्यांनी जंगल तोडून भातशेती केली. गावांची नावं बघा : गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर. दीदींचे आजेसासरे अशा पहिल्या लोकांत आलेले. त्या आईला पहिल्याच मिनिटापासून "मासीमा" (मावशी) म्हणायला लागल्या आणि आई त्यांना "अगं दीदी".

दुपारी जेवायला भात, मसूरची डाळ, मोहरी वाटून केलेलं सुरमईचं कालवण, आईसाठी भोपळ्याची भाजी आणि टोमॅटोची गोड चटणी. मोहरीचा झणका असा की नाकातून पाणी, आणि तरी दुसऱ्यांदा घेतलं.

साडेतीनला राधानगर. जेट्टीपासून बारा किलोमीटर. आणि काय सांगू, सगळं हॅवलॉक त्या वेळी तिथेच असतं. पार्किंग फुल, प्री-वेडिंगवाले, ड्रोन, एक मोठा ग्रुप एकसारखे टीशर्ट घालून. टाइम मासिकाने २००४ मध्ये याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हणलं होतं आणि २०२० मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारा ब्लू फ्लॅगही मिळाला, त्यामुळे लोक येणारच. सूर्य साडेपाचच्या आतच बुडाला. अंदमान आपल्या इतकं पूर्वेला असून घड्याळ मात्र एकच, त्यामुळे इथे आपल्यापेक्षा तासभर आधी अंधार पडतो. बीच सुंदरच होता, पण वाळूवर पावलांशिवाय काही दिसत नव्हतं. मी मनात म्हणलं, बघितलं, झालं.

टिप : अंधार पडायला लागला की किनाऱ्यावर सँडफ्लाय चावतात, दिसत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी खाज सुटते. पायांना खोबरेल चोळून जा.

सोमवार : एलिफंट बीच आणि केळफूल

सकाळी बोटीने एलिफंट बीच. लाकूडतोडीसाठी इथे हत्ती आणलेले, त्यावरून नाव. त्यातलाच राजन नावाचा हत्ती समुद्रात पोहायचा म्हणून जगभर प्रसिद्ध होता, २०१६ मध्ये गेला.

मला पोहता येत नाही, सईला येतं. लाईफ जॅकेट, तोंडात नळी, आणि हाताशी रिंग धरून नेणारा एक मुलगा, असेल बावीस-तेवीसचा. जन्म इथलाच, आजोबा रांचीकडून कामाला आलेले. पाण्यात तोंड घातल्यावर पहिली दोन मिनिटं श्वास जमत नाही, घाबरू नका, जमतो. प्रवाळ काही ठिकाणी करडे आणि मोडलेले आहेत. त्या मुलाने कारण सांगितलं : २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले, त्यात खूप मेले, आणि त्याआधी २००४ ची त्सुनामी. पण जिथे जिवंत आहेत तिथे जांभळे, पिवळसर, हिरवे, आणि त्यांच्यामध्ये मासेच मासे.

एका ठिकाणी त्याने खुणेने थांबवलं. कानाकडे बोट दाखवलं. पाण्याखाली स्पष्ट आवाज येत होता, करर करर. समोर हातभर लांबीचा निळाहिरवा पॅरटफिश दगडाला तोंड लावून खात होता. दात पोपटाच्या चोचीसारखे पुढे आलेले, प्रत्येक चाव्याला दगडावर पांढरा ओरखडा उठत होता. मग तो थोडा पुढे सरकला आणि त्याच्या मागून पांढरी भुकटी धुरासारखी पाण्यात पसरली आणि हळूहळू खाली बसली. वर आल्यावर तो मुलगा म्हणाला, "ये देखा ना? ये ही बीच बनाता है."

सईला हे इतकं पटलं की तिने दिवसभर दुसरा विषय काढला नाही. मी नंतर वाचलं, खरंच आहे ते. पॅरटफिश प्रवाळाच्या दगडावरचं शेवाळ खाताना दगडही कुरतडतो, पोटात दळतो आणि वाळू करून बाहेर टाकतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करू शकतो. त्यात शिंपले, चुनखडीची शेवाळं आणि लाटांनी फुटलेले प्रवाळ मिसळतात. आपल्याकडे दिवेआगर, हरिहरेश्वरची वाळू काळसर, कारण मागे सह्याद्रीचा काळा दगड आहे. इथली पांढरी, कारण ती जिवंत प्राण्यांनी केलेली आहे.

टिप : पाण्यात उतरताना सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घाला, काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक असतात. प्रवाळावर उभं राहू नका, कुणी फोटोसाठी उभं करायला लागलं तर नाही म्हणा. स्कूबा करणार असाल तर आधीच्या दिवसांत करा, डाईव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, १८ ते २४ तास जाऊ द्यायचे.

परत आलो तर मागच्या पडवीत आई आणि दीदी समोरासमोर बसून केळफूल सोलत होत्या. बागेतलंच. हाताला तेल लावून, कारण चीक लागला की बोटं काळी पडतात. आईची पद्धत आणि दीदींची पद्धत तंतोतंत एक : जांभळं पान उचलायचं, खालची फुलांची फणी काढायची, प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि तो प्लॅस्टिकसारखा पापुद्रा उपटून टाकायचा, उरलेलं ताकाच्या पाण्यात. दीदी साध्या पाण्यात हळद घालतात, तेवढाच फरक. मग मात्र मतभेद झाले. आई म्हणे यात भिजवलेले काळे वाटाणे किंवा हरभरा डाळ. दीदी म्हणे आलू, आणि घरचे खाणारे असतील तर कोळंबी. आई म्हणाली, "बटाट्याने चव मरते." शेवटी दीदींच्या पद्धतीने झाली, आलू, नारळ, वरून थोडं तूप आणि गरम मसाला, आणि आईने दोनदा वाढून घेतली.

त्यांच्या बोलण्यातून आणखी एक कळलं. बेटावर भाज्या नीलमधून येतात, कांदा-बटाटा, डाळ, पीठ सगळं जहाजाने. जहाज चुकलं तर भाव वाढतात. त्यामुळे जेवण पुण्यापेक्षा महाग वाटलं तर त्याचं कारण हे आहे, घासाघीस करू नका.

रात्री सई, मी आणि मंदार कयाकिंगला गेलो. अमावस्या दोन दिवसांवर होती, म्हणून मुद्दाम. खारफुटीच्या खाडीत दिवे बंद करून नेतात. वल्हं पाण्यात घातलं की निळा उजेड. हात घातला की पाचही बोटांभोवती उजेड, बाहेर काढला तर मनगटावरून दोन-तीन ठिणग्या ओघळून विझल्या. हे अतिसूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की चमकतात. फोटो येत नाही, प्रयत्न करू नका. चांदणं असेल तर पैसे वाया, त्यामुळे तारखा ठरवतानाच कॅलेंडर बघा.

मंगळवार : फेरी रद्द, राधानगर पूर्ण

पहाटे काळापत्थरला सूर्योदय. पावणेसहाला उजाडतं, पूर्वेकडचा किनारा, काळे खडक आणि नारळवाल्या बायकांच्या टपऱ्या नुकत्या उघडत होत्या. तिथेच चहा पिताना मंदारच्या फोनवर मेसेज आला, नीलला जायची आमची फेरी रद्द, तांत्रिक बिघाड. रिफंड मिळेल पण दुसरी बोट नाही. कस्टमर केअरचा फोन कुणी उचलेना. दीदींचे यजमान मंदारला स्कूटरवर घेऊन जेट्टीवर गेले, दोन तास लाईनमध्ये उभं राहून उद्या सकाळची तिकिटं मिळाली. नीलच्या हॉटेलवाल्याने एक रात्र कमी करून दिली, त्याचे आभार. म्हणून सांगते, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कधीही लांबच्या बेटावर राहू नका, एक दिवस हाताशी मोकळा ठेवाच.

तर असा दिवस मोकळा झाला. दीदी म्हणाल्या, "अभी जाओ राधानगर, अभी कोई नहीं होगा." डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी दिली, आम्ही आठला तिथे.

आणि हा तोच बीच होता का असं वाटावं. मागे उंच जंगल आहे, त्यामुळे सकाळी किनाऱ्यावर बराच वेळ सावली असते. समुद्रमहुआची प्रचंड झाडं, बुंधे सरळसोट, फांद्या वर जाऊन पसरलेल्या. भरती होती, पाणी झाडांच्या बरंच जवळ आलेलं, रंग फिकट हिरवा. दोन किलोमीटरच्या किनाऱ्यावर आम्ही, एक परदेशी जोडपं आणि झाडू घेऊन पानं गोळा करणारे दोन कर्मचारी. त्यांच्यातले एक काका तेलुगू, वीसेक वर्षं हॅवलॉकला आहेत, ते म्हणाले की लोक दुपारी तीननंतर येतात आणि सहाला जातात, सकाळ आमचीच असते.

वाळू रांगोळीइतकी बारीक. अनवाणी चाललं की पायाखाली कुरकुरते. सईकडे शाळेच्या किटमधलं भिंग होतं, चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन बघितली तर त्यात दुधी कण, गुलाबी शिंपल्याचे कपचे, एक इवलीशी भोकंभोकं असलेली काडी, काही कण काचेसारखे आरपार. मंदारने डब्यातल्या लिंबाची फोड त्यावर पिळली. भिंगातून बघितलं तर कणांच्या कडेने अगदी बारीक बुडबुडे. चुनखडीवर आंबट पडलं की हे होतं, आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या कणांवर होणार नाही. आईने पण बघितलं, मग हात समुद्रात धुतले.

अकराला ऊन आलं आणि सगळं बदललं. पांढरं इतकं की गॉगलशिवाय डोळे उघडेनात, पण गंमत म्हणजे पाय भाजत नाहीत. पांढरी वाळू ऊन परतवते, कोकणात याच वेळी चप्पल काढायची सोय नसते. पाणी आता निळं. तळ हळूहळू खोल होत जातो, दगड-प्रवाळ नाहीत, म्हणून पोहायला हा बीच चांगला. लाईफगार्ड असतात, हद्द आखलेली असते, तिच्या बाहेर जाऊ नका. मगरींच्या पाट्या लावल्यात त्या गंभीरपणे घ्या. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, २०१० मध्ये इथूनच जवळच्या कोव्हमध्ये एका पर्यटक मुलीचा जीव गेला होता. आईने साडी थोडी वर खोचून गुडघाभर पाण्यात तासभर उभं राहून घेतलं. तिला मी इतकी निवांत फार कमी वेळा बघितलीय.

दुपारी ओहोटी लागली आणि किनारा दुप्पट रुंद झाला. ओल्या वाळूवर बारीक खेकडे कामाला लागले. एकेका बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या, बाहेर जाणाऱ्या रेषांत मांडलेल्या. सई पोटावर पालथी पडून बघत होती : खेकडा दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून पायाने मागे टाकतो. सावली पडली की सर्र आत. शंभर पावलांत शंभर नक्ष्या, आणि एकही दुसरीसारखी नाही. साडेतीनला गाड्या यायला लागल्या, चारपर्यंत त्यातल्या बहुतेक नक्ष्या पायाखाली गेल्या. रविवारी संध्याकाळी मला त्या दिसल्या नव्हत्या त्याचं कारण हे. लोकांची चूक नाही, त्यांना तेवढाच वेळ दिलेला असतो.

सूर्यास्ताला आम्ही थांबलोच नाही. अंगात ऊन मुरलं होतं आणि आईला चहा हवा होता. जेट्टीवरून राधानगरला सरकारी बस आहे, पण वेळा कमी, रिक्षा केली तर परतीची वेळ आधी ठरवून घ्या. किनाऱ्याबाहेर खायच्या टपऱ्या आहेत, सकाळी मात्र फार काही मिळत नाही, डबा न्या. टॉयलेट आणि कपडे बदलायच्या खोल्या आहेत आणि स्वच्छ आहेत.

बुधवार : नील

नील छोटं, सायकलवर होईल एवढं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात, वांगी, चवळीचे वेल. सकाळी जेट्टीशेजारच्या भरतपूर बीचवर काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघितले, ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी हे उत्तम, आईने तिथेच पहिल्यांदा पॅरटफिश बघितला आणि सईला ओरडून दाखवला.

दुपारी ओहोटीला लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल. हावडा ब्रिज म्हणतात त्याला, अर्थात बंगाली लोकांनी. खडकावरून चालावं लागतं, शेवाळ असतं, मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. इथे गाईड घ्याच. आमच्या गाईडने एका डबक्यात वाकून, हात न लावता, समुद्रकाकडी, निळी तारामासळी आणि दगडाखाली लपलेला छोटा ऑक्टोपस दाखवला, आम्ही एकटे असतो तर ओलांडून गेलो असतो. ओहोटी नसेल तर इथे काही दिसत नाही, त्यामुळे निघण्याआधी हॉटेलवाल्याला वेळ विचारा.

रात्री जेवायला दोनच टेबलं असलेलं एक ठिकाण. ट्यूना भाजून, शेजारी गरम भात. ताजा ट्यूना आम्ही पहिल्यांदाच खाल्ला, मांस लालसर आणि घट्ट, आणि ते काका मीठ, हळद आणि मिरीशिवाय काही लावत नव्हते.

गुरुवार, शुक्रवार : परत

दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर, संध्याकाळी अबरडीन बाजारात थोडी खरेदी. आईने दीदींच्या सांगण्यावरून तिथली मिरी आणि लवंग घेतली.

विमानतळावर बॅगा स्कॅन होतात. आमच्या पुढच्या कुटुंबाच्या बॅगेतून प्रवाळाचे दोन तुकडे निघाले आणि ते काढून ठेवून मग बराच वेळ कागदपत्रं चालली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडासुद्धा आणायचा नाही. मुलांना आधीच नीट समजावून सांगा. सईला सांगावं लागलं नाही.

पैशांचं थोडक्यात : हॅवलॉक-नीलला एटीएम मोजकी, रोख जवळ ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून नेट पुष्कळ सुधारलंय म्हणतात, तरी राधानगरला आमचे फोन बंदच होते आणि ऑनलाईन पेमेंट कधी चालायचं कधी नाही. वयस्कर माणसांना घेऊन जाताना बेटं कमी करा आणि रात्री वाढवा, बॅगा उचलून फेरीत चढणं-उतरणं हेच सगळ्यात दमवणारं असतं. बारातांगची सहल आम्ही केलीच नाही. तो रस्ता जारवा या तिथल्या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो, त्यांचे फोटो काढायला बंदी आहे, आणि कुणाच्या घरातून अशी गाड्यांची रांग घेऊन जाणं आम्हा कुणालाच बरं वाटेना.

परवा आईने मंडईतून केळफूल आणलं. सोलून, चिरून, कढईत टाकून तिने मला फोटो काढायला लावला आणि दीदींना पाठवायला सांगितला. पाच मिनिटांत व्हॉइस मेसेज आला, मागे कोंबड्या ओरडतायत, "मासीमा, आलू डाला क्या?"

आई कढईतलं हलवत म्हणाली, "सांग तिला, घातलाय. काळे वाटाणे पण घातलेत."